हा दिवा किती मंद होतो? खिशातल्या एलईडी पॅनलबरोबरचं दीड वर्ष

दिव्याबद्दल लिहिताना तो किती लख्ख पेटतो हे आधी सांगायची पद्धत आहे. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करते. माझं काम म्हणजे माणसांच्या घरी, त्यांच्या कामाच्या जागी महिनोन् महिने जाऊन बसायचं आणि तिथलं रोजचं जगणं टिपायचं. या कामात हा पॅनल पूर्ण ताकदीनं लावायची वेळ दीड वर्षात तीनदा आली. एरवी मला लागतो तो उजेड त्याच्या वीस टक्क्यांच्याही खालचा. म्हणून डॉक्युमेंटरीसाठी दिवा घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आधी हेच विचारते: तो मंद कसा होतो? मंद होताना रंग टिकतो का? लुकलुकतो का? याची उत्तरं खोक्यावर छापलेली नसतात, ती वापरूनच कळतात.

वस्तू साधी आहे. मोबाइलएवढा, त्याहून थोडा जाड पॅनल. आत पिवळसर आणि निळसर अशा दोन प्रकारच्या एलईडी, त्यामुळे रंग २५०० ते ६५०० केल्विनपर्यंत हवा तसा फिरवता येतो (आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर, म्हणजे ‘थंड’). तेज एक ते शंभर टक्के. पाठीला लोहचुंबक, खाली ट्रायपॉडचा स्क्रू, बॅटरी आतच. असे पॅनल वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि त्यांची रचना बरीचशी सारखीच असते. माझ्या पॅनलबद्दल तक्रारी आहेत, पण त्या या प्रकारच्या दिव्याच्याच आहेत असं मला वाटतं, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

मुळात दिवा हवाच कशाला, हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. आताचे कॅमेरे ६४०० आयएसओला (उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता इतकी वाढवून) सुद्धा छापण्याजोगा फोटो देतात, मग अंधाराची भीती कसली? भीती अंधाराची नाहीच. आयएसओ वाढवला की आहे तो उजेड वाढल्यासारखा दिसतो, पण तो येतो जिथून यायचा तिथूनच. डोक्यावर एकच बल्ब असेल तर माणसाचं कपाळ, नाक आणि गालाची हाडं उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहतो. तुम्ही आयएसओ १२८०० करा नाहीतर २५६००, कपाळ आणखी पांढरं होईल आणि डोळे त्याच्या मानानं काळेच राहतील. दिव्याची गरज पडते ती दिशेसाठी. हे मला उशिरा समजलं आणि तेव्हापासून मी दिवा पार वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मी चार महिने जात होते. तळघर, खिडकी नाही, कामाच्या मेजावर वर टांगलेला एकच पिवळा बल्ब. बांधणी करणारे काका सत्तरीच्या पुढचे, मान खाली घालून दोरा ओवणारे. पहिल्या आठवड्यातल्या एकाही फोटोत त्यांचे डोळे दिसत नाहीत. मेजाच्या उजव्या टोकाला शिवायच्या कागदांची चळत असायची, चांगली हातभर उंच. मी पॅनल त्या चळतीकडे तोंड करून, मेजाच्या कडेला लोखंडी पट्टीवर चिकटवला. उजेड कागदावर पडून काकांच्या चेहऱ्यावर खालून, बाजूनं परतायला लागला. त्यांचाच कागद, त्यांच्याच मेजावरचा, आणि कागदावरून बल्बचा उजेड थोडाफार परतत होताच. मी तोच उजेड थोडा वाढवला. लेन्स एफ २.८ इतकी उघडी, शटर १/१०० सेकंद, आयएसओ ३२००. डोळे आले. वरचा बल्ब वरच राहिला, त्याची सावली जागची हलली नाही.

इथे एक बारीक गोष्ट शिकले. बल्ब साधारण २७०० केल्विनचा, म्हणून मी पॅनलही २७०० वर लावला होता. फोटोत काकांचा उजवा गाल जास्त पिवळा यायला लागला. कागद बदामी झाक असलेला होता, आणि उजेड ज्यावरून परततो त्याचा रंग घेऊन येतो. पॅनल ३२०० पर्यंत थंड केला तेव्हा परतलेला उजेड बल्बच्या उजेडात मिसळला. आता भिंत, पडदा, चादर, जिथून म्हणून उजेड परतवायचा तिथे आधी एक फोटो काढून पाहते आणि मग केल्विन ठरवते. आकडा पाहून रंग लावायचा नाही, गालावर पाहून लावायचा.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण या पॅनलची खरी किंमत इथेच वसूल होते. खोलीत एकीकडे खिडकी आणि एकीकडे बल्ब असेल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारी सोय, दोघांपैकी एकाचीच बाजू घेऊ शकतो. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, ढगाळ दिवसाचा उजेड ६५०० च्या आसपास, सावलीतला त्याहून निळा. घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३०००. खिडकीला पांढरं मानलं तर बल्बाखालचं माणूस नारिंगी होतं, बल्बाला मानलं तर खिडकीजवळचं निळं. पुष्कळदा मी हे तसंच ठेवते, कारण संध्याकाळच्या घराचं खरं रूप तेच असतं. पण चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक नारिंगी झाली की बघणाऱ्याचं लक्ष माणसावरून रंगावर जातं. अशा वेळी पॅनल खिडकीच्याच बाजूला, खिडकीच्याच रंगाचा, अगदी थोडा लावला की खिडकीचं पारडं जड होतं आणि चेहरा एका रंगात येतो. कृष्णधवल काम करणाऱ्यांना ही कटकट जवळजवळ नाही. त्यांना रंग जुळवायला लागत नाही, फक्त प्रमाण जुळवायचं.

‘खिडकीच्याच बाजूला’ हे मी मुद्दाम लिहिलं. कृत्रिम उजेडाची चोरी पकडली जाते ती सावलीत. नाकाच्या दोन सावल्या दोन दिशांना पडल्या की रंग कितीही जुळलेला असो, फोटो खोटा वाटतो. का वाटतो हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतो. दुसरी खूण बुबुळात असते. खिडकीचं प्रतिबिंब मोठं, मऊ, कधी गजांच्या रेघा असलेलं असतं. या पॅनलचं प्रतिबिंब म्हणजे लहानसा कडक आयत. माझ्या सुरुवातीच्या फोटोंत तो आयत जागोजागी आहे आणि आता मला तोच आधी दिसतो. म्हणून पॅनल सरळ माणसाकडे करायचा नाही, कशावरून तरी परतवायचा. मोबाइलएवढ्या दिव्याकडून मीटरभर रुंद खिडकीचा मऊपणा सरळ मिळणारच नाही. सावलीची कड किती मऊ हे उजेडाचा उगम माणसाला किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. भिंतीवर टाकला की भिंतीचा तो सगळा भागच दिवा होतो.

आता मंद होण्याचा प्रश्न, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार.

काकांच्या कारखान्यात शांतता असायची. शटरचा आवाज झाला की त्यांचा हात थांबायचा, म्हणून मी कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला. पॅनल आठ टक्क्यांवर. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर चेहऱ्यावर आणि कागदावर आडवे पट्टे, फिकट-गडद, फिकट-गडद. त्या दिवशीचे निम्म्याहून जास्त फोटो गेले, आणि त्यांत काकांनी एक जुनी फाटकी वही शिवून झाल्यावर तिचा वास घेतला तो क्षणही होता. तो पुन्हा आला नाही.

कारण असं. बऱ्याच एलईडी मंद होतात म्हणजे प्रत्यक्षात त्यांचा प्रकाश कमी होत नाही. त्या सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा विझतात आणि पेटतात, आणि विझण्याचा काळ वाढत जातो. डोळ्याला ते मंद वाटतं. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतं. काही ओळी दिवा पेटलेला असताना वाचल्या जातात, काही विझलेला असताना. तेच पट्टे. माझा पॅनल वीस टक्क्यांपर्यंत स्वच्छ आहे, पंधराला पुसट पट्टे येतात आणि दहाच्या खाली स्पष्ट. म्हणजे मला जिथे तो सगळ्यात जास्त लागतो नेमका तिथेच तो डगमगतो.

ही तपासणी घेतल्याच्या पहिल्याच दिवशी करा, दहा मिनिटांचं काम आहे. खोलीतले बाकीचे दिवे बंद, समोर पांढरी भिंत, कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर, वेग १/१०००. पॅनल शंभरपासून खाली आणत प्रत्येक दहा टक्क्यांना एक फोटो. मग तेच दोन-तीन वेगवेगळ्या केल्विनला. मी हे केलं ते पाच महिन्यांनी, पट्टे पाहिल्यावर. खोलीत ट्यूबलाइट असेल तर तिचंही लुकलुकणं असतं, ते विजेच्या लयीत. ५० हर्ट्झचा पुरवठा असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० चा असेल तर १२० वेळा. तिथे शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर १/६० किंवा १/१२० च्या जवळ ठेवलं की बहुतेक त्रास टळतो. पॅनलच्या लुकलुकण्याला असा सोपा तोडगा नाही.

मी काढलेली वाट अशी: पॅनल पंचवीस टक्क्यांच्या खाली न्यायचाच नाही, उजेड बाहेरून कमी करायचा. ट्रेसिंग पेपरचे पॅनलच्या मापाचे सहा तुकडे कापून ठेवले आहेत. माझ्याकडच्या कागदाचा एक थर साधारण एक स्टॉप खातो, म्हणजे उजेड निम्मा करतो. दुसरा उपाय अंतराचा. एवढ्या लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉपनं कमी. एक मीटरवरचा पॅनल दोन मीटरवर नेला की पंचवीस टक्क्यांचे सहा होतात, आणि तेही पट्ट्यांशिवाय. लहान खोलीत मागे सरकायला जागा नसते, तिथे कागदच.

मंद होताना रंगही थोडा सरकतो. पाच टक्क्यांच्या खाली त्वचेला हिरवट झाक येते. खोक्यावर रंगशुद्धतेचा (सीआरआय) आकडा शंभरपैकी ९५ हून जास्त छापला आहे आणि वरच्या टप्प्यात तो मला खोटा वाटत नाही. पण तो सर्वसाधारण आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीतून काढतात. गडद लाल रंग त्यात धरलेला नसतो, त्याचा आकडा आर ९ म्हणून वेगळा असतो. आपण माणसांचे फोटो काढतो आणि त्वचा, मग ती गोरी असो की काळीसावळी, लाल रंगावरच जिवंत दिसते. आर ९ दिलेला नसेल तर मागून घ्या. माझ्या पॅनलवर तो दिलेला नव्हता. दिवसाच्या उजेडाला जुळवून लावला की ओठ किंचित मेलेले दिसतात, पिवळ्या टप्प्यात तसं होत नाही.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी पूर्ण तेजावर सव्वा तास, पंचवीस टक्क्यांवर अख्खी दुपार. तेजाची चकती अंधारात हाताला समजते, ही फार मोठी सोय. स्क्रीनला हात लावून बदलायचे दिवे मी मैत्रिणींकडे वापरले आहेत, त्यांत नजर माणसावरून सुटते. लोहचुंबक पक्कं. चालू करताना मात्र तो क्षणभर आधीच्या तेजावर भसकन पेटतो, ते मला अजिबात आवडत नाही. म्हणून बंद करायच्या आधी दर वेळी खाली आणून ठेवते.

फ्लॅश का नाही, हे सांगायला मागे जावं लागेल. १८८७ मध्ये जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार केली. ती बातमी वाचून न्यूयॉर्कमधला वार्ताहर जेकब रीस ती घेऊन रात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरला. तोवर त्या खोल्या फारशा कुणी फोटोत पाहिलेल्या नव्हत्या, आणि त्या फोटोंनी शहराला त्यांची दखल घ्यायला लावली, हे खरं आहे. पण त्यातले चेहरे पाहा. झोपेतून दचकून उठलेले, डोळे दिपलेले. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की या प्रकारात दोनदा घराला आग लागली आणि एकदा त्याला स्वतःला. उजेड हत्यारासारखा चालवला की माणसाला नाही म्हणायला वेळच मिळत नाही.

म्हणून मग आहे तोच उजेड जास्त प्रामाणिक, असंही म्हणता येत नाही. १९२८ मध्ये जर्मन छायाचित्रकार एरिच सालोमन एर्मानॉक्स हा लहान, अत्यंत वेगवान (म्हणजे पुष्कळ उजेड आत घेणाऱ्या) लेन्सचा कॅमेरा घेऊन न्यायालयात गेला आणि कुठलाही दिवा न लावता फोटो काढून आला. लपवून. समोरच्यांना कळलंही नाही. एकानं उजेडाचा मारा केला, दुसऱ्यानं उजेड लावलाच नाही, आणि दोघांच्याही वेळी समोरच्या माणसाला विचारलेलं नव्हतं. सतत पेटत राहणाऱ्या मंद दिव्यात मला आवडतं ते हेच. तो आधी पेटतो. समोरच्याला दिसतो. खुपला तर तो माणूस तसं सांगू शकतो.

आणि सांगतातही. गेलं वर्षभर मी एका घरी जाते, जिथे पंचावन्न वर्षांच्या ताई अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करतात. संध्याकाळनंतर त्या खोलीत एक नाइटलॅम्प, बस्स. आजींना उजेड सोसत नाही. पहिल्या दिवशी मी पॅनल आजींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, चकती फिरवली आणि म्हणाल्या, “याचा उजेड डोळ्यांत जातो गं. खाली ठेव.” मी तो पलंगाखाली जमिनीवर ठेवला, दोन ट्रेसिंग पेपर लावून, भिंतीकडे तोंड करून. “आता?” “आता बरा आहे. चांदण्यासारखा.” वर्षभर त्याची जागा तीच राहिली. ती मी शोधलेली नाही.

त्याच घरात या दिव्यानं मला सगळ्यात मोठ्या पेचात टाकलं. ताई रात्री आईच्या उशाशी बसून कपडे दुरुस्त करतात. सुईत दोरा त्या चाचपडत ओवतात, जिभेवर टोक ओलं करून, सुई नाइटलॅम्पच्या समोर धरून, चार-पाचदा चुकत. मला तेच हवं होतं. तिसऱ्या का चौथ्या भेटीत मी फोटोसाठी पॅनल थोडा वाढवला, आणि ताई हसून त्याच्याजवळ सरकल्या, जमिनीवर बसल्या आणि एका झटक्यात दोरा ओवला. मग उठून कपाटातून आणखी तीन कपडे घेऊन आल्या. “बरं झालं, आज दिसतंय नीट.” त्या रात्री त्यांनी दीड तास शिवण केलं. एरवी वीस मिनिटं करतात.

फोटो उत्तम आले. नाकाची सावली एकच, रंग जुळलेला, बुबुळात आयत नाही. माझ्या सगळ्या कसोट्यांना उतरलेले. आणि त्यातलं काहीच त्या घरात रोज घडत नव्हतं. उजेडानं फोटो बदलतो का, एवढंच मी इतकी वर्षं तपासत होते. उजेड खोलीत घडणारी गोष्टच बदलतो, ताई कुठे बसतात, किती वेळ बसतात, कशावर हात घालतात ते बदलतो, हे माझ्या कुठल्याच तपासणीत नव्हतं. ते फोटो मी ठेवले आहेत, पण खाली लिहिलंय की दिवा मी आणला होता. चाचपडत ओवलेल्या दोऱ्याचा फोटो नंतर पॅनल पिशवीत ठेवून काढला. आयएसओ १२८००, १/३०, दाणेदार, सुई जेमतेम दिसते.

तर घ्यावा का? बंद खोल्यांत, रात्रपाळीत, आजाऱ्यांच्या उशाशी काम करत असाल तर घ्या, पण विकत घेण्याआधी भिंतीची तपासणी करू देतील अशा ठिकाणाहून घ्या. बहुतेक काम उघड्यावर किंवा मोठ्या खिडक्यांच्या जागी असेल तर त्यापेक्षा घडीचा पांढरा रिफ्लेक्टर जवळ ठेवा. तो लुकलुकत नाही आणि त्याची बॅटरी संपत नाही. खिडकीसमोर माणसाच्या पलीकडच्या बाजूला धरला की निम्मी कामं होतात. फक्त धरायला कुणीतरी लागतं, आणि मी बहुधा एकटी असते.

माझ्याकडे आता नवा पॅनल आहे, जो दहा टक्क्यांपर्यंत स्वच्छ राहतो. जुना मागच्या महिन्यात ताईंकडे ठेवून आले. त्यांनी तो पलंगाच्या लोखंडी पायाला चिकटवला आहे, आजींनी सांगितलेल्या उंचीवर, आणि ट्रेसिंग पेपर काढून त्या जागी जुन्या सुती साडीचा तुकडा शिवून बसवला आहे. आता रोज संध्याकाळी तो त्या स्वतःच लावतात. परवा गेले तेव्हा माझा दिवा पिशवीतून काढलाच नाही. त्यांच्याच उजेडात काढले, आणि दोन फोटोंत पलंगाच्या पायाशी तो दिसतोही.